सुपडूनानांची दाढ

मला मुलगा झाला तेव्हा मी पथकात पेढे घेऊन गेले. सगळ्यांनी एकेक उचलला, फौजदार साहेबांनी दोन उचलले. सुपडूनाना हवालदारांनी मात्र पेढा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "आधी तू खाय."

"अहो नाना, माझ्याच पोराचे पेढे!"

"म्हनीसन काय झालं? खाय."

मी अर्धा खाल्ला. नाना माझ्या गळ्याकडे टक लावून बसले. घास खाली उतरला याची खात्री झाल्यावर त्यांनी उरलेला अर्धा तोंडात टाकला. "चांगला शे. कोनता दुकानना?" मी दुकान सांगितलं. मग केळीचे भाव, कापसावरची अळी, चाळीसगावच्या गाडीला झालेला उशीर असं सगळं बोलून झाल्यावर एकदम, "काय म्हननी तू, कोनतं दुकान?" मी तेच नाव पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी बारशाला येतो असं कबूल केलं. असा माणूस! आणि याच्या हाताखाली मी नोकरीची उमेदीची सगळी वर्षं काढली. आमचे हे म्हणायचे, तुझ्या नानांना देवळात तीर्थ दिलं तरी आधी पुजाऱ्याला प्यायला लावतील. मी हसायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

आमचं पथक म्हणजे दैत पथक. जळगावला पोलीस लाइनीच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड होती, तीच आमची कचेरी. सत्तर सालानंतर दैतांच्या चोऱ्या फार वाढल्या तेव्हा हे पथक निघालं. खानदेशात तेव्हा दैताशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. सराफ बाजारात भट्ट्या फुंकायला मांजराएवढे आगट्ये, डाळमिलमध्ये जाती फिरवायला दगड्ये, केळीच्या बागांत विहिरीचं पाणी ओढायला पाणकळ्ये. सातपुड्यातून पिल्लू आणायचं, दैतवानानं ते वर्ष-दोन वर्षं शिकवायचं, मग ते जन्मभर त्या घराचं. घरातल्या माणसापेक्षा त्याची निगा जास्त. अशा दैताला रातोरात उचलायचं, कानातला मालकीचा डाग जाळून टाकायचा आणि सीमेपलीकडे चोरट्या दंगलीत लढवायला विकायचं, हा धंदा. दंगलीतून जिवंत परत येणारा दैत मी पाहिला नाही. शेडच्या दाराशी येऊन रडणारे शेतकरी मात्र खूप पाहिले.

नाना साहेबांशी शुद्ध बोलायचे, आमच्याशी अहिराणीत. बुटके, काटक, मिशी बारीक. बसायचे ते भिंतीला पाठ लावून. आमची जीप कुठून आली की आधी बॉनेटला हात लावून बघायचे, कारण भास्कर ड्रायव्हर सांगतो तेवढी ती चालली की जास्त, हे त्यांना तापण्यावरून कळायचं म्हणे. चहा घेताना आपला कप समोरच्याच्या कपाशी बदलायचे. एकदा एका बड्या पुढाऱ्याचाही कप बदलला. पुढारी बघतच राहिला. नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्या कपात मलई जास्त आलीय." पुढाऱ्याला राग येण्याऐवजी हसू आलं, नाहीतर नाना तेव्हाच घरी बसले असते.

पण काम? कामात त्यांचा हात कोणी धरू नये. डाळमिलच्या दगड्याचं प्रकरण सांगते. एका दगड्यावर दोघांनी हक्क सांगितला. दोघांकडे कागद, दोघांकडे साक्षीदार, दोघंही गळा काढून रडणारे. साहेब वैतागले. नानांनी एकाला पुढच्या खोलीत बसवलं, दुसऱ्याला मागच्या, दोघांना चहा दिला आणि मला खूण केली. मी शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन दगड्याच्या गळ्यात कामाचा पट्टा चढवला.

दैताला कामाचा पट्टा चढवला की तो हुंकारतो. कामाला निघालो, असं धन्याला सांगतो. आपल्याला जवळ उभं राहिलं तर नुसती घुरघुर ऐकू येते. पण ज्याचा तो दैत, त्याला तो हुंकार दोन तालुके ओलांडूनसुद्धा पोचतो, कानात नाही, दाढेत. दाढ झिणझिणते म्हणतात. दगड्या हुंकारला आणि मागच्या खोलीतल्या माणसाचा हात आपसूक गालावर गेला. पुढच्या खोलीतला चहा फुंकत बसला होता. नानांनी चहा फुंकणाऱ्याला तिथेच बेडी घातली.

असे हे नाना. आई मेली तेव्हाही वैद्याच्या पुड्या तपासून घेतल्या म्हणतात. त्यांना स्वतःचा दैत मात्र कधी नव्हता. वडील दुसऱ्याच्या बागेत राबणारे, घरात दैत येणार कुठून? दुसऱ्यांचे दैत शोधून देण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. आणि मग भुरी आली.

भुरी कारभारीअण्णांनी दिली. कारभारीअण्णा चाळीसगावच्या दैत बाजारातले सगळ्यात मोठे दलाल. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं लोण्याहून मऊ. आमच्या पथकाला स्वतःचा शोधक दैत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी घरची भुरी सरकारला भेट द्यायचं ठरवलं. म्हशीच्या पारडाएवढी होती ती, राखाडी, अंगावर केळीच्या खोडासारखे पापुद्रे, कपाळावर एक तिसरा डोळा, तो एरवी मिटलेला. भिंतीमागे, जमिनीखाली कुठेही दैत लपवलेला असला की तो डोळा उघडायचा. शोधकाम करणारा असा दैत जिल्ह्यात दुसरा नव्हता.

मोठा समारंभ झाला. मांडव, लाऊडस्पीकर, हारतुरे. हाराचं तबक माझ्या हातात होतं. आमच्याकडे दैत एका घरातून दुसऱ्या घरात जातो तेव्हा जुना धनी भाकरीचा घास नव्या धन्याच्या हातावर ठेवतो, नवा तो दैताला भरवतो, आणि जुना पाठ फिरवून चालायला लागतो. मागे वळून बघायचं नाही, काही झालं तरी. तिथे माया तुटते आणि इथे जुळते. अण्णांनी मंचावर सगळ्यांसमोर, सरकारच्या वतीनं नवा धनी म्हणून, नानांच्या हातावर घास ठेवला. नानांनी तो भुरीला भरवला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "अण्णा, इकडे बघा!" टाळ्यांचा कडकडाट झाला, साहेबांचं भाषण झालं, पेढे वाटले गेले.

त्या दिवसापासून नाना बदलले. म्हणजे आमच्यासाठी नाही बदलले, आमचे कप बदलणं चालूच होतं. पण भुरीसाठी! शेडमध्ये येताना तिच्यासाठी घरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. तिच्या पापुद्र्यांना एरंडेल. दुपारी तिच्या पोटाला टेकून बसायचे, तेही डोळे मिटून. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो. एक दिवस पट्टा चढवला, भुरी हुंकारली, आणि नानांचा हात गालावर गेला.

"सुमन, मन्ही दाढ वाजनी!"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरूनच आलं. साठीला टेकलेला माणूस, पहिल्यांदा कोणीतरी त्याला सांगून कामाला निघालं होतं. मग त्यांनी ते जगाला सांगितलं. साहेबांना, पानवाल्याला, बाजारात कारभारीअण्णांनाही. "अण्णा, तुमचे उपकार. दाढ वाजते माझी." अण्णा म्हणाले, "वाजणारच. पुण्य तुमचं."

आणि इथूनच आमचे वाईट दिवस सुरू झाले.

छापा टाकायला जावं तर जागा रिकामी. खबर पक्की असायची. चोरलेले दैत अमुक वखारीत आहेत, तमुक गोठ्यात आहेत. आम्ही पोचायचो तोवर तिथे ओलं शेण, अर्धवट चघळलेली वैरण आणि दारावर हलणारी साखळी. भुरी नुसती उभी राहायची, तिचा तिसरा डोळा उघडायचाच नाही. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग दर वेळी व्हायला लागलं. आतलं कोणीतरी फुटलंय हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. नाना तर नानाच. "आपला कोन फुटेल शे?" असं म्हणत ते आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरायचे. शेडमध्ये कोणी कोणाशी धड बोलेना. दोघं बाजूला जाऊन बिडी प्यायले तरी तिसऱ्याला वाटायचं, काहीतरी शिजतंय.

नानांनी भास्कर ड्रायव्हरला धरलं. भास्कर सरळ माणूस, बोलायला तोंडाळ, पण सरळ. नानांच्या लक्षात आलं होतं की छाप्याला निघालं की भास्कर दर वेळी एकाच पानटपरीवर गाडी थांबवतो. शिवाय त्याचा मेहुणा चाळीसगावच्या बाजारात हमाल. झालं! भास्कर सस्पेंड झाला. धुळ्याला चौकशी लागली. त्यात नानांचा जबाब शेवटचा आणि सगळ्यात वजनाचा. नाना "हो" म्हणाले की भास्करची नोकरी गेली, वर चोरांना सामील म्हणून खटला. त्याची बायको माझ्याकडे आली. दोन मुली पदराला, मोठीचं लग्न ठरलेलं, सोयरे मोडायच्या बेतात. "ताई, नानांना सांगा ना, यांना तंबाखूशिवाय चालत नाही, म्हणून थांबतात." मी सांगितलं. नाना म्हणाले, "पाहू." त्यांचं "पाहू" ऐकून कोणाचं भलं झाल्याचं मला आठवत नव्हतं.

भास्कर घरी बसला आणि एका सकाळी नानांनी मला शेडमध्ये गाठलं. बाकी कोणी आलं नव्हतं. "पट्टा चढव. फिरीसन येऊ." कुठे, का, काही नाही. भुरी हुंकारली, नानांनी गाल चोळला आणि आम्ही पायी निघालो. जीप नाही, ड्रायव्हर नाही, साहेबांनाही पत्ता नाही. तापीच्या बाजूला केळीच्या बागेत एक पडकी पंपाची खोली होती, तिथे गेल्यावर मला कळलं की आपण छाप्याला आलोय. आता सापडणारच, असं नानांच्या चालीतच दिसत होतं.

खोली रिकामी होती. हौदातलं पाणी अजून हिंदकळत होतं.

नानांनी पाण्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मी विसरणार नाही. पेढ्याकडे पाहिलं होतं तशीच, पण यावेळी मी पेढा होते.

त्यानंतर आठवडाभर नानांनी माझा पिच्छा पुरवला. मुलाच्या शाळेबाहेर नाना. आमच्या ह्यांच्या दुकानासमोर नाना, पेपर वाचत, तोही कालचा. बाजारात मी भरताची वांगी निवडत होते तर ढिगापलीकडे खाकी टोपी दिसली. माझं डोकंच फिरलं. भरबाजारात ओरडले, "नाना, वांगी घ्यायची असतील तर घ्या! नाहीतर माझ्यामागे फिरू नका! लाज वाटते का तुम्हाला?" माळीणबाई हसायला लागल्या. नाना एक वांगं हातात घेऊन उभे राहिले, त्याचं देठ तपासत. मग गुपचूप माझ्यामागे घरी आले आणि ओट्यावर बसले. मी चहा दिला. त्यांनी कप बदलायला हात पुढे केला, तर मी म्हणाले, "बदला. दोन्ही तुम्हीच प्या. पण आधी मला सांगा, त्या सकाळी तिथे कोण कोण होतं?"

"तू नि मी."

"आणि?"

नानांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"भास्कर नव्हता, नाना. साहेब नव्हते. मलासुद्धा कुठे जायचं ते माहीत नव्हतं, मी सांगणार कोणाला? तुम्ही सांगितलं का कोणाला? नाही ना? मग उरलं कोण?"

"तिनं नाव लेऊ नको!" नाना इतक्या जोरात ओरडले की आतलं पोर रडायला लागलं. कप तसेच राहिले. ते उठले आणि चपला न घालताच निघून गेले. त्यांच्या चपला मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नेऊन दिल्या, तर नाना आलेच नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाहीत. भुरीला मी भाकरी घातली.

आले तेव्हा गाल सुजलेला होता. दाराशीच उभे राहिले, भुरीजवळ गेले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "सुमन, दोन दिन मी घरमा व्हतू. पट्टा चढाले नव्हता तुम्ही."

"नव्हता."

"तरी दाढ ठनकी ऱ्हायनी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हाय रे देवा! दाढ किडलेली होती नानांची. कधीपासूनची कोण जाणे. ज्याला स्वतःचा दैत कधी नव्हता, त्याला हुंकार दाढेत येतो म्हणजे नेमका कसा येतो, हे कोण सांगणार होतं? भुरी हुंकारायची, नानांचं लक्ष दाढेकडे जायचं, आणि दाढ तर दुखतच असायची.

"त्या दिनले, समारंभले," नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "अण्णा कवा गया?"

मी आठवलं. तबक हातात घेऊन मी शेवटपर्यंत उभी होते. "सगळ्यांच्या शेवटी. फोटो काढले, साहेबांशी बोलले, जाताना भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला. जीपमध्ये बसल्यावर मागे वळून हातसुद्धा हलवला की तिला."

बोलता बोलता माझी जीभ अडखळली. अण्णांनी पाठ फिरवली नव्हती. गल्लीत कोणी असं केलं असतं तर चार म्हाताऱ्यांनी हटकलं असतं, अहो, वळा, बघू नका. पण सरकारचा मंच, हार, लाऊडस्पीकर, तिथे कोण बोलणार? दर वेळी आम्ही पट्टा चढवत होतो आणि भुरी इमानानं आपल्या धन्याला कळवत होती, की मी निघाले. तिच्या मनात पाप नव्हतं. अण्णांनी फक्त दाढ झिणझिणली की माल हलवायचा, एवढंच काम ठेवलं होतं. आणि या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं सगळ्या जळगावात एकाच जिवावर विश्वास टाकला होता.

नाना बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले. रडले असतील तर रडू देत.

पुढचं सगळं त्यांनी एका दिवसात ठरवलं. चाळीसगावच्या बाजारच्या दिवशी साध्या कपड्यात अण्णांच्या शेजारी जाऊन बसले, दाढेवर लवंग धरून, निवृत्तीनंतर एखादा पाणकळ्या घ्यावा म्हणतो असं बोलत. मला सांगून ठेवलं होतं, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की पट्टा चढव. भोंगा झाला. मी पट्टा चढवला. भुरीनं डोळे मिटले आणि ती हुंकारली. रोजचाच आवाज, पण मला त्या दिवशी तिची भीती वाटली, आणि दयाही आली.

तिकडे अण्णांच्या हातातली बशी तोंडाशी थांबली. हात गालावर गेला. त्यांनी जवळच्या माणसाकडे नुसतं पाहिलं, आणि तो माणूस राजदूत फटफटीवर बसून धुळ्याच्या रस्त्याला लागला. नाना केळीच्या भावावर बोलत राहिले. राजदूतच्या मागे एक भाजीचा टेम्पो निघाला होता. टेम्पो कोण चालवत होतं? भास्कर! नानांनी आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगितलं होतं, "तुना शिवाय कोन्ही नही मनाजोडे." माफीबिफी काही नाही, एवढंच. भास्करनं आधी चार शिव्या हासडल्या आणि मग टेम्पोची किल्ली मागितली.

भास्करनं ठिकाण कळवलं, नाना चाळीसगावहून आणि मी पथकाबरोबर जळगावहून पोचले, आणि धुळ्याच्या बाहेर बंद पडलेल्या एका सरकी गिरणीत सगळे दैत सापडले. आतल्या खोलीत, अंधारात, तोंडं बांधून. गिरणी अण्णांची. भास्कर कामावर परत आला, मुलीचं लग्न झालं, नाना लग्नात पहिल्या पंगतीला जेवले. छाप्याच्या दिवशी धुळ्याहून परत येताना नाना पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपले. घोरतही होते. भास्करनं गाडी हळू चालवली, आणि पारोळ्याला मी चहाला थांबा म्हटलं तर डोळ्यांनीच नको म्हणाला.

दाढ नानांनी काढून टाकली. पण भुरीचं काय करायचं, हे कोणालाच सुचेना. अण्णांना धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं आणि त्या दिवसापासून तिनं हातातून घास घेणं सोडलं. धुळ्याच्या दिशेला तोंड करून बसायची. नाना भाकरी घेऊन पुढे जायचे, ती बाजूला बघायची. त्या माणसाकडे मला बघवत नव्हतं. एक दिवस ते म्हणाले, "चाल, धुळाले जाऊ." मला वाटलं जबाबाचं काम असेल.

तुरुंगात जाळीपलीकडे अण्णा आले. टोपी तशीच पांढरी. "या नाना, या. तुम्हनी दाढ कशी शे आते?"

नानांनी ते गिळलं. शुद्ध बोलायला लागले, साहेबांशी बोलायचे तसं. "अण्णा, भुरी खात नाही. तुम्ही एकदा पाठ फिरवा. घास मी आणलाय. तिला दाराशी आणतो. तेवढं करा."

कोणाकडे कधी काही न मागणारा माणूस तो! मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

अण्णा विचार केल्यासारखं करून म्हणाले, "करस ना. कसाले नही? मुकं जनावर. तुम्ही फक्त कोर्टात एवढं म्हणा, की दैत गिरणीच्या आत नव्हते. आवारात होते. आवार तर कोणाचंही असतं, नाना. त्याच दिवशी पाठ फिरवस मी. मांगे देखाव बी नही."

नाना म्हणाले, "पाहू."

आता खरं सांगते, त्या "पाहू"नं मी हबकले. परतीच्या वाटेवर नाना घासाचं फडकं मांडीवर घेऊन बसले होते. भास्करला सांगितलं तर तो म्हणाला, "नाना खोटं बोलणार नाहीत, ताई." मी म्हटलं, कोणाचं सांगता येतं का? खटल्याच्या तारखेपर्यंत मी नानांवर नजर ठेवून होते. ते कोणाशी बोलतात, वकिलाकडे जातात का, भुरीजवळ किती वेळ बसतात. मला झोप लागत नव्हती. तोंड बांधलेले ते दैत डोळ्यांपुढे यायचे आणि मग भुरीपुढे भाकरी धरून उभे असलेले नानाही यायचे. मी असते तर काय केलं असतं, ते माझं मलाच सांगता येईना.

कोर्टात अण्णांच्या वकिलानं नेमकं तेच विचारलं. "हवालदार, दैत तुम्हाला नेमके कुठे मिळाले? नीट आठवून सांगा."

नानांनी पाणी मागितलं. प्यायले. खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर कडुनिंबाखाली पुरावा म्हणून आणलेली भुरी बांधली होती, तोंड कोर्टाच्या दाराकडे.

"आत," नाना म्हणाले. "आतल्या खोलीत. बाहेरून कुलूप होतं. कुलूप मी तोडलं."

अण्णांनी मान डोलावली, जणू सौदा मोडला तरी राग नाही. त्यांना गाडीत बसवायला बाहेर आणलं तेव्हा त्यांनी मुद्दाम भुरीकडे वळून पाहिलं, अगदी शेवटपर्यंत पाहत राहिले, गाडीचं दार लागेपर्यंत. नाना मधे जाऊन उभे राहिले. पण नाना बुटके, ते किती झाकणार? भुरीनं दावं तोडलं आणि गाडीमागे धावली.

अण्णांना शिक्षा झाली, आणि सरकारनं भुरीला कामास निरुपयोगी ठरवून सोडून दिलं. तिचं ठिकाण तिनं आधीच शोधलं होतं, धुळ्याच्या तुरुंगाची मागची भिंत. नाना निवृत्त झाले, निरोपाच्या चहाचा कप माझ्याशी बदलला, आणि जळगावची खोली सोडून धुळ्याला राहायला गेले. का गेले ते कोणी विचारलं नाही.

चौऱ्याण्णवच्या सुमाराला एका साक्षीसाठी मी धुळ्याला गेले होते. काम आटोपल्यावर तुरुंगाच्या मागे गेले. ऊन चांगलंच तापलं होतं. भुरी भिंतीला लागून पडली होती, पापुद्रे वाळलेले, पण अंगाला एरंडेल लावलेलं दिसत होतं. जरा अंतरावर नाना, रिकाम्या पोत्यावर. फार वाळले होते. त्यांनी फडक्यातून भाकरी काढली, तिचे तुकडे केले, जमिनीवर ठेवले आणि सरकून लांब जाऊन बसले. जमिनीवरचं ती खायची. हातातलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही, त्यांनीच सांगितलं.

"नाना, चला ना घरी. या उन्हात कशाला बसता?"

"कोन्ही उचली लयी गया तर तिले? आठे कोन्हावर भरोसा ठेवासारखा नही."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. मुलाबद्दल बोलले, भास्करच्या नातवाबद्दल बोलले. नाना ऐकत होते, नजर भुरीवर. शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, "आणि नाना, अण्णा सुटल्यावर?"

"सुटना म्हंजे ती जाई ना त्याना मांगे."

"मग तुम्ही?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच कसं कळत नाही, असा चेहरा केला.

"मी जासू तिना मांगे. तो परत धंदा करस का नही, ते कोन्ही देखाले नको का?"

मी उठले, नमस्कार केला, स्टँडवर आले आणि जळगावची एस.टी. पकडली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं हो, कोणी गेलं का? मी नाही म्हटलं आणि पारोळा येईपर्यंत पदरात तोंड घालून रडत होते.